मोटरीचा दोर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शेळगी, सोलापूर
१७ सप्टेंबर

तीर्थरूप सुंदरअक्का यांना,
महेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र तुम्ही पुन्हा कपाटात टाकलंत हे वाचून नवल वाटलं नाही. तुम्हाला फोनवर काही सांगायचं म्हणजे आख्ख्या शेळगीला सांगण्यासारखं, त्यापेक्षा हे पत्रच बरं. इकडं धंदा ठीक चाललाय. हाताखाली सहा बायका आहेत आणि सहाही जणींना वाटतं की कडक भाकरी आपल्याइतकी पातळ कुणाला थापताच येत नाही. पंधरा दिवस ऊन नाही, त्यामुळं भाकरी शेगडीभोवती उभ्या करून वाळवतोय.

आता मुद्द्याचं. काव्याच्या लग्नाची तारीख सात डिसेंबर पक्की झाली. पाटावर तुम्ही आणि शंकरप्पा अण्णा बसायचं, असं मी ठरवलंय. काव्या म्हणते की तिला आईबाप दोघं शेजारी बसलेले हवेत. ती पुण्यात नोकरी करते, तिला बोलायला काय जातंय! तीन वर्षांपूर्वी वेगळं व्हायला मी कोर्टाच्या पायऱ्या सहा वेळा चढले, ते काय आता परत मांडीला मांडी लावून बसायला?

तुमच्या बंधुराजांची कीर्ती तुम्हाला नव्यानं सांगायला नको. लोकांच्या नवऱ्यांना दारू असते, पत्ते असतात, एखादी बाई असते. माझ्या नशिबी साडेसात एचपीची पाण्याची मोटर आली. मी तिला सवत म्हणायचे तेव्हा तुम्ही हसायचा. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी दवाखान्यात सहीला नवरा शोधत होते, आणि नवरा नदीकाठी मोटर चालू करून बसला होता. का, तर लाईटची पाळी दिवसाची होती, उसाला पाणी द्यायचं होतं! सही तुम्ही केलीत अक्का. शुद्धीवर आले तेव्हाही तुम्हीच होतात. नवरा तिसऱ्या दिवशी उगवला, पायाला चिखल घेऊन, आणि पाणी सगळ्या सऱ्यांना पोचलं हे कौतुकानं सांगत बसला.

फोनवर मी त्यांना ब्लॉक केलंय, त्यांनी मला केलंय. ह्या एकाच बाबतीत आमचं एकमत झालं. काव्याकडून निरोप धाडला त्याला उत्तर नाही. म्हणून सोमवारी मोहोळच्या दुकानाला भाकरी द्यायला टेम्पो घेऊन निघाले की तशीच शेतावर जाते आणि तोंडावर सांगून येते, की मांडवात पाहुण्यासारखं या, जेवा आणि जा.

अण्णांना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, फक्त तो माझ्या बाजूला जरा कलता असू द्या.

तुमची, कोर्टाच्या मते कुणीच नसलेली,
महेश्वरी

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
अक्कलकोट
१९ सप्टेंबर

चि. महेश्वरीस,
सुंदरम्माचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तुझ्या अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की दोघंही एकमेकांना शोभतात, आणि परत झोपले.

पाटावर बसायला मी काय बाहुली हाय का? माझे गुडघे तुला ठाऊक हायत. एकदा बसले तर उठवायला जेसीबी लागंल. तुझे अण्णा मांडी घातली की पेंगतात, अक्षता पडायच्या वेळेला घोरायला लागले तर व्याह्यांना काय सांगायचं? स्वतःचं धड दोन माणसांचं भांडण मिटवता येईना आणि म्हाताऱ्यांना पाटावर बसवायला निघालीस. साकु, पुरे आता.

माझ्या भावाचं, गुरुराजचंही पत्र आलंय. सीना नदीचं पाणी रोज वाढतंय म्हणून लिहितो. मोहोळच्या दुकानातनं दर आठवड्याला कडक भाकरी आणून खातो, आणि वर लिहितो की त्या महेश्वरीच्या भाकरीपेक्षा बऱ्या असतात. त्या दुकानाला भाकरी कुणाकडनं जाते ते मी काही त्याला कळवलं नाही. बिनडोक आहे, पण निदान पोट भरतंय.

जायचंच असंल तर पाऊस उघडल्यावर जा. पण तू ऐकशील कशाला, कधी कुणाचं ऐकलंयस? काव्याला पापा. माया तुझ्यावर आहेच, पण ती तुझ्या अकलेमुळं नाही हे ध्यानात ठेव.

अक्का

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शेळगी, सोलापूर
२८ सप्टेंबर

तीर्थरूप अक्कांना,
महेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे, तुमचे बंधुराजही आहेत. टीव्हीवर सीनेचा पूर बघून तुम्ही जेवला नाहीत असं अण्णांनी काव्याला फोनवर सांगितलं. आता जेवा.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी पोचले. टेम्पो ओढ्याच्या अलीकडं उंचावर लावला आणि भाकरीची एक गोणी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन चालत गेले. गोणी कशाला नेली असं विचारू नका, टेम्पोला मागचं दार नाही, लोक चोरतात. शेजारचा कोंडीबा बायको, पोरं आणि म्हैस घेऊन वरच्या रस्त्याला लागला होता. वरनं पाणी येतंय, शेतात जाऊ नका, असं मला ओरडून सांगत होता. मी गोणी घराच्या माळ्यावर टाकली आणि नदीकडं गेले.

सगळा शिवार माणसं आणि जनावरं बाहेर काढत होता आणि तुमचे बंधुराज मोटर काढत होते! तिला दोर बांधून तो जांभळीच्या बुंध्यावरनं ओढत होते. तीन वर्षांनी मी समोर उभी राहिले तर पहिला शब्द काय, तर दोर धर. बरी आहेस का नाही, कशी आलीस नाही. आणि मी धरला. का धरला ते मला विचारू नका, पंचवीस वर्षांची सवय मेली.

मोटर काठावर आली, जांभळीला बांधली आणि वळून बघतो तर मागचा ओढा फुगून घराच्या आणि आमच्या मध्ये आला होता. घर दोनशे पावलांवर आणि पाणी कमरेला. चालायला लागलो. मधल्या चारीत माझा पाय गेला, साडी पायात अडकली आणि पाण्यानं मला नेऊन कुंपणाच्या खांबावर आदळलं. मी खांबाला मिठी मारली. पाणी गळ्याशी. हे पंधरा हातांवर उभे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि अक्का, ते मागं वळले. मोटरीकडं.

त्या वेळी मला मरायचं भ्या वाटलं नाही, लाज वाटली. ह्या माणसाच्या नावाचं मंगळसूत्र मी इतकी वर्षं गळ्यात घातलं, ह्याच्यासाठी रोज भाकरी बांधून दिली, आणि आता हा बघायला गेलाय की ती नीट आहे का. काव्याच्या लग्नाला आई नसणार, एवढं एकच डोक्यात होतं.

थोड्या वेळानं कुठनंसा दोर घेऊन आले, टाकला, मी धरला, ओढून घेतलं. जुना दोर बांधावर पडलेला सापडला म्हणाले. माळ्यावरची गोणी घेऊन घराच्या स्लॅबवर चढलो तेव्हा मोटर दिसेना. विचारलं तर गाठ कुजकी होती, सुटली, गेली, एवढंच बोलले. म्हणजे बघा. जिच्यापायी माझा संसार गेला तिला बांधायला धड गाठसुद्धा मारता आली नाही. ह्या माणसाला कशाचीच गाठ कधी जमली नाही.

मंगळवारी सकाळी होडी येईपर्यंत आम्ही वीस तास स्लॅबवर होतो. खायला भाकरी आणि शेंगाचटणी. ज्या माणसानं जन्मभर माझ्या कडक भाकरीला पत्रा म्हटलं त्यानं अकरा पत्रे खाल्ले, मी मोजले. मग हुडहुडी भरली, ताप चढला. रिकामी गोणी त्यांच्या अंगावर घातली आणि शेजारी टेकून बसले. मेले असते तर पंचनाम्यात माझं नाव आलं असतं, म्हणून. ऑपरेशनचा विषय मीच काढला. म्हणाले की चूक झाली. चार वर्षं उशिरा, तेही दात वाजत असताना. ह्याला काय माफी म्हणायची?

दोर तेवढा मी घेऊन आले. शेगडीजवळ वाळत घातलाय, गोण्या बांधायला होईल. तेव्हा पाटाचं ठरलंय तेच कायम, तुम्ही आजपासून गुडघ्यांना तेल लावायला घ्या. अण्णांना नमस्कार. पुरातनं वाचलेल्या माणसावर असते तेवढी माया माझ्यावर असू द्या.

तुमची
महेश्वरी

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
अक्कलकोट
१ ऑक्टोबर

चि. तम्मा गुरुराज, माझ्या धाकट्या भावास,
अक्काचे आशीर्वाद.

सोबत तुझ्या बायकोचं पत्र पाठवते आहे. बायकोच म्हणते. कोर्टात काय झालं ते मला ऐकू आलेलं नाही.

पत्र दोनदा वाच. ती खांबाला धरून बुडत होती आणि तू मोटरीकडं वळलास हे खरं का खोटं, एवढंच मला लिही. अप्पा गेले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुला मी वाढवलंय. मी वाढवलेला पोरगा बुडत्या बाईला सोडून लोखंड बघायला गेला असंल, तर गुडघे मोडले तरी मी पाटावर बसते आणि तुला मांडवात पाय ठेवू देत नाही. काव्या रडली तर रडू दे.

तापाचं काय? गोळ्या घेतल्यास का? खोटं लिहिलंस तर मला कळतं. आशीर्वाद आहेत, ते परत घ्यायची वेळ आणू नको.

अक्का

---

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
सीनाकाठ, ता. मोहोळ
६ ऑक्टोबर

ती. अक्काच्या पायाला गुरुराजचा नमस्कार.

ताप उतरला. घरात मांडीएवढा गाळ हाय, मी आन् कोंडीबा खोऱ्यानं काढतोय. ऊस आडवा झालाय. पांढऱ्या कपड्यातली माणसं रोज येत्यात, बांधावर उभं राहून फोटो काढत्यात, पन बुटाला गाळ लागंल म्हणून कुणी खाली उतरत न्हाय. आमी बी त्यांना चहा विचारायचं सोडलंय.

तिचं पत्र वाचलं. लई भारी लिहिलंय. नाटकात जायला पायजे होती. पुराच्या पाण्यात साडी नेसून यायला तिला कुणी सांगितलं हुतं? टेम्पो चालवायला आला म्हणजे नदीबी तुडवता येती व्हय? कोंडीबा ओरडतोय तरी खाली आली. का, तर मला पाटावर बसू नको म्हणून सांगायला! पोस्टकार्डावर सांगता आलं नसतं? आन् ओढताना माझा खांदा उतरलाय ते लिहिलं न्हाय. सहा बायकांकडनं भाकरी थापून घेती आन् बसून खाती, वजन वाढनारच की.

आता तू इचारलंस त्याचं. व्हय, मी मोटरीकडं वळलो. दोर तितंच हुता, अक्का. सगळ्या रानात धड दोर एकच, आन् तो मोटरीला. तिच्यापातुर नुसत्या हातानं गेलो असतो तर दोघंबी गेलो असतो. जांभळीकडं गेलो, गाठ भिजून आवळली हुती, सुटंना. कमरंचा विळा काढला आन् दोर दोन्हीकडनं कापला. मोटर काठावरनं घसरली आन् गेली. वळून बघितलं न्हाय. खोटं कशाला लिहू, एकदा बघितलं.

तिला गाठ कुजकी हुती म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर उपकार केल्यावानी झालं असतं. ऑपरेशनच्या दिवशी गेलो न्हाय. पाळी आठवड्यानं परत आली असती, ती आली नसती तर? हे मला तवा कळलं न्हाय. घर मोकळं झाल्यावर कळलं. आता एक दोर कापला म्हणून मिरवायचं व्हय? एवढ्यानं ते फिटत न्हाय. स्लॅबवर ती शेजारी टेकून बसली हुती, गोणी माझ्यावर घालून सोता भिजत हुती, तवा मला वाटलं की होडी जरा उशिरा आली तरी चालंल. हे काय माणसानं बोलायचं हाय का? माझं डोकं तापानं फिरलं असंल.

पाटावर तूच बस. मी मागं उभा राहीन. आन् भाकरीचं मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं हुतं. मोहोळच्या दुकानात तिचीच भाकरी येती हे मला पयल्या घासाला कळलंय. मी येडा हाय, पन एवढा न्हाय.

हे पत्र तिला दाखवू नको. जन्मभर ऐकवंल. तुझी माया हाय म्हणून हितं तग धरून हाय, ती तेवढी तोडू नको.

तुझा
गुरुराज

---

अक्कलकोट
९ ऑक्टोबर

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

हे पत्र तुला दाखवू नको असं त्यानं स्पष्ट लिहिलंय, म्हणून सगळंच पाठवते आहे. तुझे अण्णा म्हणाले की हा विश्वासघात आहे. मी यंत्र काढून ठेवलं होतं, मला ऐकू आलं नाही.

माझे गुडघे आज जास्त दुखतायत. सात डिसेंबरपर्यंत बरे व्हायचं काही चिन्ह नाही.

अक्का

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शेळगी, सोलापूर
१३ ऑक्टोबर

गुरुराज यांस,

मायन्यात काय लिहायचं ते अर्धा तास सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. अक्कांनी तुमचं पत्र मला पाठवलं. त्यांच्या पोटात पत्र राहत नाही हे मला पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे, तुम्हाला जन्मापासून ठाऊक असायला हवं होतं.

मी साडी नेसून पुरात आले हे खरं, माझं वजन वाढलंय हेही खरं. पण तुम्ही जे कुजक्या गाठीचं सांगितलंत ते ऐकून मला तुमची कीव आली. इतकी वर्षं गोण्यांची तोंडं बांधणाऱ्या बाईला दोरातलं कळत नाही असं वाटलं व्हय तुम्हाला? कुजका दोर असा सरळ तुटतो का? तुम्ही दोर टाकलात आणि मी धरला, तेव्हाच टोक माझ्या डोळ्यांपुढं होतं. विळ्यानं कापलेलं, आतले धागे पांढरेशुभ्र. आणि मागं जांभळीखाली काही नव्हतं. गळ्यापर्यंत पाण्यात होते, पण आंधळी नव्हते.

तुम्ही वळलात तेव्हा मला लाज वाटली असं अक्कांना लिहिलं, ते खोटं नव्हतं. तेवढ्या वेळात मी तुमच्यापासून दुसऱ्यांदा घटस्फोट घेतला. दोर हातात आला आणि तो घटस्फोट तिथंच मोडला. मग वीस तास तुमच्या शेजारी बसून वाट बघितली, की आता सांगतील, आता सांगतील. तुम्ही अकरा भाकरी खाल्ल्यात आणि पावसाचं बोललात! असा दगड माणूस मी दुसरा बघितला नाही. म्हणून अक्कांना सगळं वाईट वाईट लिहिलं. चिडल्याशिवाय तुमच्या तोंडातनं खरं निघत नाही. आणि गोणी चोरीच्या भीतीनं आणली नव्हती. तुमच्यासाठीच आणली होती. दर आठवड्याला दुकानातनं बारा नेता, दुकानदार मला सांगतो.

एका दोरानं फिटत नाही असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, नाही फिटत. ऑपरेशननंतर डोळे उघडले तेव्हा मी दाराकडं बघत होते, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. पण त्यासाठी तुम्ही समोर असायला पाहिजे. शेतावर एकटे राहून गाळ काढत बसलात तर मी कुणाला ऐकवू?

तेव्हा सात डिसेंबरला सकाळी आठ वाजता, अंघोळ करून, पायाचा चिखल धुऊन पाटावर यायचं. मागं उभं राहायचं नाही. त्या दिवशी लाईटची पाळी कुठली आहे ते मी बघितलेलं नाही आणि तुम्हीही बघायचं नाही. कोर्टाच्या कागदाचं लग्नानंतर बघू. परत नोंद करायच्या ऑफिसला पायऱ्या कमी आहेत असं ऐकते.

खांद्याला शेक घ्या. इकडं आलेल्या कोंडीबाच्या हाती चोवीस भाकरी पाठवते आहे, पत्रा म्हणाल तर परत मागवीन. लोभ असावा असं खाली लिहायची रीत आहे. तुमचा कुठं असतो ते मला आता कळलंय, त्यामुळं लिहीत नाही.

महेश्वरी

ता. क. उसाची लावण परत करावी लागेल, तेव्हा मोटर नवी घ्या, माझी ना नाही. दोरही नवाच घ्या. हा मी देणार नाही.